थंड शॉकअप

नेवाडातल्या सोळा दूरदूरच्या रँचांना, म्हणजे गुरांच्या मळ्यांना, आठवड्यातून तीनदा टपाल आणि औषधं पोचवायचं कंत्राट अर्डिथ मॅकनॅबकडे तेवीस वर्षं होतं. तिच्या जुन्या गाडीची चासीच मोडली, तेव्हा पोस्टमास्तरनं बजावलं: सोमवारपर्यंत टिकाऊ गाडी दाखवा, नाहीतर कंत्राट दुसऱ्याला. बाई एकाहत्तर वर्षांची. जावई ड्वाइट म्हणाला, बरं झालं, सुटलात. ती त्यालाच घेऊन शनिवारी गाड्या बघायला गेली.

विक्रेता केंडल तरुण आणि गोडबोल्या. त्यानं बटण दाबलं, गाडी चारही चाकांवर वर उचलली गेली. चाकांवरचे पोलादी पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत, सगळा भार हवेच्या पिशव्यांवर.

"हवा गेली तर?" अर्डिथनं विचारलं.

"गाडी लगेच सांगते, मॅडम."

"काय सांगणार, खाली बसले म्हणून? ते मला बसल्यावर कळेलच."

दोघांना गाडीत घालून तिनं गाडी कच्च्या रस्त्यावर घेतली. कपडे घासायच्या खाचेरी फळीसारखा, आडव्या उंचवट्यांचा तो रस्ता. केंडल सारखा हळू, हळू म्हणत होता. त्या भागात हळू चालवतो तो दात गमावतो. पंचेचाळीसच्या वेगानं चाकं उंचवट्यांच्या डोक्यावरून निघून जातात. बारा मैलांवर तिनं गाडी थांबवली, कोट पसरून खाली शिरली आणि एकेका शॉकअपला हात लावला. तीन चटके देणारे. मागचा उजवा गार.

केंडल खूश झाला. "बघा, हा तर तापलासुद्धा नाही."

"अरे शहाण्या, धक्के खाणारा तापतोच. हा खातच नाहीये. याचा वाटा बाकीचे तिघं ओढतायत."

फुकट बदलून देऊ, असं तो म्हणाला. तिथे रानात बंद पडली तर कोण बदलणार, कोल्हे का, असं विचारून ती परतली आणि आवारात मागे धूळ खात पडलेली, पोलादी पाट्यांची, ओबडधोबड गाडी मागितली. तीही त्याच रस्त्यावर पिटाळली. या वेळी हात लावायला ड्वाइटला खाली घातलं. चौथ्या चाकाशी तो बोटं फुंकत बाहेर आला.

"चारही तापलेत. पण आई, ही फार आदळते. या वयात हाडं खिळखिळी होतील."

"माझ्या हाडांची वॉरंटी मी कोणाकडे मागितलेली नाही."

सोमवारी पोस्टमास्तरनं तिनं घेतलेल्या त्या पाट्यांच्या गाडीखाली वाकून पाहिलं, मान डोलावली. मग अर्जावरची जन्मतारीख वाचून चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मुदत काय लिहू, एक वर्ष?

"अर्जावर चार वर्षं छापलीत ना? चारच लिहा," अर्डिथ म्हणाली, आणि तो लिहीपर्यंत टपालाच्या पिशव्या गाडीत टाकायला लागली.