दारातली तपासणी

आमच्या धंद्यात त्याला सगळे आरसा म्हणायचे. मी सुतार. माझ्या हातचं कपाट तयार झालं की त्यावर पॉलिश करायचा तो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने चढवायची, वाळली की खरखरीत पॉलिशपेपर घासायचा, पुन्हा चढवायची. शेवटच्या हातानंतर त्या फळीत बघून दाढी करावी! माझ्या कामातल्या किती चुका त्याने गुपचूप झाकल्या, हे मी त्याच्यापाशी कधी कबूल केलं नाही.

त्याच स्पिरिटने त्याने आपली दारूही झाकली. घरी पंधरा वर्षं एकच उत्तर, "कामाचा वास आहे." वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, ते पटत होतं असं नाही, पण भांडायला पुरावा नव्हता. मग पोट फुगलं, डोळे पिवळेजर्द झाले. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "लिव्हरचा बराच भाग वण पडून निकामी झालाय. तो परत येणार नाही. उरलेला अजून सावरेल, पण एक थेंबही चालणार नाही."

त्याने सोडली. हा महिनाभरात पुन्हा सुरू करणार, अशी माझी खात्री होती. मी तोंडावर आपटलो.

रोज संध्याकाळी तो बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचा, कामाचे कपडे बदलायचा आणि दारात उभा राहायचा. वहिनी जवळ येऊन म्हणायच्या, "हां करा." तो त्यांच्या तोंडावर श्वास सोडायचा. मग त्या म्हणायच्या, "या आत."

"शाळेत नखं तपासतात तसं चाललंय तुझं," मी चिडवायचो.

"चालू दे. तिला पंधरा वर्षं फसवलंय. तिला जेव्हा पुरे वाटेल तेव्हा पुरे."

चौदा महिने झाले. पोट उतरलं, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, दोन वेळचं जेवण पचायला लागलं. रिपोर्ट बघून डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. तपासणी मात्र चालूच होती.

मग आम्हाला एका मोठ्या फ्लॅटचं काम मिळालं. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "कामगारांनी आमचं टॉयलेट वापरायचं नाही." खाली गेटजवळ एक होतं. त्याला कुलूप, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन कधी जागेवर नाही. इकडे आरशाला एक गोड पातळ औषध चालू होतं, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हावं म्हणून. ते बंद केलं तर अंगातलं विष डोक्यात चढेल, बोलणं भरकटलं की तडक घेऊन या, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं. पण जुलाबाच्या औषधाचं एवढं काय, असं आम्हा दोघांनाही वाटलं. "काम संपेपर्यंत नको घेऊस, काही मरत नाहीस," हे वाक्य माझं आहे.

पाचव्या दिवशी दुपारी त्याचे हात थरथरायला लागले. स्पिरिटचा डबा हातातून सुटला आणि सगळा अंगावर सांडला. मी ओरडलो, तर जड जिभेने म्हणाला, "कपाटाला पाणी घातलंस का?" मालकीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळपासून तो माझ्या डोळ्यांसमोर होता, मग प्यायला कधी? हा साधा प्रश्न मला पडला नाही.

"शेवटी केलंसच ना!" म्हणत मी त्याला दंडाला धरून रिक्षात कोंबलं.

दारात वहिनी उभ्या होत्या. मी म्हणालो, "पुन्हा सुरू केलीय याने." त्याने सवयीने त्यांच्यापुढे तोंड उघडलं. स्पिरिटच्या भपक्याने वहिनींनी मान फिरवली.

"आतल्या खोलीत टाका भाऊजी. उतरू दे." त्यांनी बाहेरून कडी घातली. मी तिथेच होतो.

सकाळी तो हलवूनही उठेना. दवाखान्यात वहिनी रागारागाने म्हणाल्या, "परत प्यायले हो."

"नाही प्यायलेले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दारू असती तर एव्हाना उतरली असती. यांच्या डोक्यात विष चढतच गेलंय. औषध कधी बंद केलं?"

वहिनींना माहीतच नव्हतं. मला सांगावं लागलं. "कालच आणायला हवं होतं," एवढंच डॉक्टरबाई बोलल्या.

दोन दिवस उपचार चालले. तिसऱ्या दिवशी किडन्यांनीही काम सोडलं. आता आजचाच दिवस, असं आम्हाला सांगितलं. दुपारी त्याने डोळे उघडले. मी हाक मारली, पण मला ओळखलं नाही. वहिनी उशी सारखी करायला वाकल्या आणि त्यांचा चेहरा त्याच्या अगदी जवळ आला.

त्याने तोंड उघडलं आणि होता तेवढा श्वास त्यांच्या तोंडावर सोडला.

वहिनींनी या वेळी मान फिरवली नाही. त्याच्या कपाळावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "या. आत या."