ब्लॉक करणाऱ्याला कोण घेतं

दुबईतल्या बास्केटबॉल क्लबच्या ट्रायलच्या आधी मला जेवण जातच नव्हतं. आई सारखी म्हणायची, "असा वाळलास तर घेतील का रे तुला?" तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे झालं नाही तर मी दुबईत राहत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. बाबांचं देऱ्याच्या बाजारातलं ट्रेडिंग ऑफिस बंद होतंय, उन्हाळ्यात सगळे पुण्याला. मी जन्मलो इथे, पुण्याला गेलो ते फक्त लग्नांना. माझा व्हिसा बाबांच्या नावावर आहे. क्लबने घेतलं तर व्हिसा क्लबचा, नाहीतर खलास.

तर मी कोण ते सांगतो. उंची सहा फूट आठ, कॉलेजच्या टीमचा सेंटर, म्हणजे रिंगखाली उभा राहणारा, आणि मला येतं काय तर ब्लॉक. कोणी रिंगजवळ येऊन बॉल वर नेला की माझा हात तिथे आधीच असतो, कसा ते मलाही सांगता येत नाही. आणि मी नुसता अडवायचो नाही, असा फटका द्यायचो की बॉल थेट प्रेक्षकांत. पोरं बाकांवर चढायची, "घर भेज दिया" म्हणून बोंबलायची. त्या आवाजाचं मला व्यसनच होतं म्हणा ना. शूटिंग शिक, पासिंग शिक, सगळे सांगायचे. मी म्हणायचो हो हो, शिकतो. धाकटी बहीण तर तोंडावर म्हणायची, "दादा, यू कान्ट ईव्हन शूट."

ट्रायलला आम्ही बरेच होतो आणि जागा एक. इथे जन्मलो तरी पासपोर्ट इंडियन, म्हणजे त्यांच्या हिशोबात मी परदेशी खेळाडू, आणि परदेशी खेळाडूची तेवढीच जागा उरली होती.

सुरुवातीलाच एकजण आत घुसला आणि मी त्याचा बॉल असा उडवला की तो पलीकडच्या भिंतीवर आपटला. आयुष्यातला सगळ्यात भारी ब्लॉक, सिरियसली. आणि हॉलमध्ये शांतता. कोच युरोपातला, टकला, हळू आवाजात बोलणारा. त्याने इंग्लिशमध्ये विचारलं, "आता बॉल कोणाचा?"

"त्यांचा."

"मग तुला काय मिळालं?"

बॉल बाहेर गेला की समोरच्याला परत मिळतो हे लहान पोराला पण माहीत असतं, आणि मी इतकी वर्षं टाळ्या घेत तो परत देत होतो.

मग त्याने माझ्यासमोर त्यांचा एक गार्ड उभा केला, बॉल घेऊन आत घुसणारा बुटका खेळाडू. वय झालेला, गुडघ्याला पट्टा, थोडं पोट सुटलेलं. त्याने बॉल वर नेला, मी उडालो. त्याने नेलाच नव्हता, नुसतं दाखवलं होतं. मी खाली येईपर्यंत तो माझ्या अंगावर आला, बॉल आत आणि वर फाउल माझा. परत तेच. मग मी दात आवळून जमिनीला चिकटून राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आरामात लांबून शॉट मारला. गेला. नंतर तर रिंगजवळ कोणी फिरकेचना, सगळे लांबूनच मारत होते. मी रिंगखाली हात वर करून उभा, आणि माझ्याकडे कोणी येतच नाही.

संपल्यावर कोच म्हणाला, "सॉरी. उंच माणूस माझ्याकडे आहे."

बाबा बाहेर गाडीत थांबले होते. मी म्हणालो, "नाही म्हणाले."

"एकदाच विचारलंस?"

"बाबा, हे देरा नाहीये."

"पहिल्या नाहीला कोणी नाही धरत रे," असं म्हणत ते उतरले, शर्ट खोचला आणि सरळ आत. मी मागे धावलो. कोचसमोर जाऊन त्यांनी ऑफिसात गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "सर, व्हॉट इज युवर एक्झॅक्ट रिक्वायरमेंट?" मला वाटलं आता मी मरतो.

पण कोचने नीट उत्तर दिलं. लांबून शॉट मारणारा सेंटर हवा, किंवा छोट्या गार्डच्या मागे धावू शकणारा. "याचे हात चांगले आहेत, पाय स्लो आहेत. दोन वर्षं लागतील. तोपर्यंत प्रॅक्टिसला येऊ दे, आमच्या लोकांना उंच माणसासमोर खेळायची सवय होईल."

"ॲण्ड व्हिसा?"

"नो व्हिसा."

"इन्शाल्ला, आफ्टर टू इयर्स?" बाबांनी विचारलं. कोच नुसता हसला. वाईट नाही हसला, तेच जास्त लागलं.

गाडीत बाबांनी एसी लावला पण गाडी काही काढली नाही. "तुला यायचंय का इथे प्रॅक्टिसला?"

"हो."

"ते तुला मार खायला बोलावतायत."

"माहितीये. तरी यायचंय. बाबा, मला पुण्याला नाही जायचं. काहीही करतो, प्लीज."

बाबांनी फोन काढून अल कुसैसमधल्या गोदामवाल्या मित्राला लावला.

"हबीबी, कैसे हो? एक लडका है, अपना ही है. व्हिसा चाहिये." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. "नहीं, एक्सपिरियन्स नहीं है. लेकिन लंबा है. ऊपर के रॅक तक हाथ जाता है, सीढी नहीं लगेगी."