धक्क्यावरून

भूमध्य समुद्रातल्या आठवडाभराच्या त्या सफरीत आमचं जहाज रोज सकाळी एका नव्या जुन्या शहराला लागायचं. ह्यांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, या बंदरांची नावं फळ्यावर लिहिली. प्रत्यक्ष यायला निवृत्ती उजाडली, आणि पहिल्याच दिवशी जिनोआच्या चढावर त्यांच्या गुडघ्याने दगा दिला. तेव्हापासून ते जहाजावरच बसून राहिले.

"तू बघून ये आणि मला सांग," म्हणायचे.

संध्याकाळी मी सांगायला बसले की ते मध्येच विचारायचे, "तटाचा दगड कसा होता? हात लावलास का?"

मग मी खरंच हात लावू लागले. नेपल्समध्ये उन्हाने तापलेल्या भिंतीवर तळवा टेकवून उभी राहिले, तेव्हा वाटलं, ज्याला इतकी वर्षं याची ओढ होती तो तिकडे पाण्यावर, आणि ऊब मात्र माझ्या हाताला.

माल्टाला मी म्हटलं, "आज मी उतरत नाही."

"मग मला कोण दाखवणार?" ते हळूच म्हणाले.

मी उतरले. बाकीचे प्रवासी किल्ल्याकडे निघाले. मी धक्क्यावरच थांबून जहाजाकडे पाहत राहिले. एकावर एक शेकडो सज्जे, सगळे सारखे. आमचा कुठला ते कळेना. एवढ्यात वरून कुणीतरी हात हलवला. ते हेच होते का, इतक्या लांबून ओळखता येईना.

मी हात हलवत राहिले.