चारकोपच्या गाळ्यातले जिवाणू

आमच्याकडचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. मी फक्त चिडायचे. ज्या दिवशी फार चिडायचे त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सगळं बोलून मोकळी व्हायचे, आणि समोरचे चपातीचा घास हातात धरून हसत सुटायचे. यात हसण्यासारखं काय आहे रे, असं विचारलं तर म्हणायचे, परत सांग. परत परत सांगून ते साठले. आजही सांगताना माझं डोकं फिरतंच. तुम्हाला हसायचं तर हसा.

आधी धंदा सांगते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. तिथे आम्ही जिवाणू खत बनवतो. मातीतले चांगले जिवाणू वाढवायचे, पावडरमध्ये कालवायचे, पाकिटात भरायचे. शेतकरी ते पेरणीच्या आधी बियाण्याला चोळतो. मग ते जिवाणू मुळांवर बारीक गाठी करून त्यात राहतात, हवेतला नायट्रोजन ओढून रोपाला देतात आणि बदल्यात रोपाकडून थोडी साखर घेतात. इतका सरळ व्यवहार माणसामाणसांत होत नाही.

चवळीसाठीचा आमचा जिवाणू तर मी स्वतः आणलाय. कुडाळजवळ माझ्या मावशीचा मळा आहे, तिथल्या चवळीची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि त्यातून तो वेगळा काढला. ऑफिसात त्याचं नावच 'मावशी' पडलं. फ्रिजमधल्या नळ्यांवर तसंच लिहिलेलं आहे.

* * *

आमच्या खालच्या गाळ्यात पेडणेकर काका मिठाईचे खोके बनवतात. इस्टेटचे सेक्रेटरीही तेच. ते एकदा वर आले आणि म्हणाले की बोर्डावरचा 'जिवाणू' शब्द काढा, माझी गिऱ्हाइकं जिन्यातूनच परत जातात.

मी म्हटलं, काढणार नाही. पण आमचे मालक कामत सर म्हणजे गरीब गाय. ते कोणालाच नाही म्हणू शकत नाहीत. दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावून त्यांनी शब्द पुसला. राहिलं नुसतं 'खत'.

त्या आठवड्यात सात-आठ गाळ्यांनी तक्रार केली की आमच्याकडून शेणाचा वास येतो. इतकी वर्षं आम्ही तिथे आहोत, तोवर कोणाच्या नाकाला काही लागलं नव्हतं!

* * *

घरी तरी काय वेगळं आहे? मी बोरिवलीला राहते. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकायच्या आत सासूबाई जंतुनाशक साबण घेऊन उभ्या असतात. टीव्हीवरच्या जाहिरातीत जे हिरवे केसाळ प्राणी दाखवतात ना, ते माझ्या पदराला लटकून येतात अशी त्यांची खात्री आहे.

एकदा मी गुपचूप त्यांच्या बाल्कनीतल्या घेवड्याच्या बियांना आमची पावडर चोळली. असा घेवडा आला की विचारू नका. सासूबाईंनी मजल्यावरच्या प्रत्येक घरी शेंगा वाटल्या आणि आपल्या हाताला कसा गुण आहे तेही सगळ्यांना ऐकवलं. मला राहवलं नाही. मी खरं सांगून टाकलं.

त्या आत गेल्या आणि सगळ्या घरी फोन लावून सांगितलं की शेंगा जरा जास्त शिजवा.

* * *

मुलुंडच्या एका बाईंनी आमचं पाकीट नेलं होतं, बाल्कनीतल्या चवळीसाठी. महिन्याभराने त्यांचा फोन आला. कुंडी बदलताना रोपं उपटली तर मुळांना गाठी दिसल्या म्हणे. हा कसला रोग आम्ही त्यांना विकला?

मी शांतपणे समजावलं. हो, मलाही शांतपणे बोलता येतं. म्हटलं, ताई, त्या गाठीच तर हव्यात. एखादी फोडून बघा, आतून गुलाबी निघाली तर समजा जिवाणू कामाला लागलेत. गाठी आहेत म्हणून तर तुमचं रोप हिरवं आहे.

मग त्या म्हणाल्या, "अहो, पण मी तर सगळ्या काढून टाकल्या. भुवयांच्या चिमट्याने."

दुपारभर बसून एकेक गाठ खुडली होती बाईंनी! वर मला म्हणतात, आता रोपं पिवळी का पडली ते सांगा, आणि दुसरं पाकीट फुकट पाठवा.

* * *

नितीन आमचा सेल्समन. त्याला कोणीतरी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाची भीती घालवायची तर माल स्वतः खाऊन दाखवायचा. त्यामुळे हा प्रत्येक कृषी प्रदर्शनात चमचाभर पावडर पाण्यात ढवळून सगळ्यांसमोर प्यायचा. मी शंभरदा सांगितलं की ते खत आहे, सरबत नाही. पण ऐकेल तर नितीन कसला.

एवढं पिऊन त्याला कधी काही झालं नाही. मग एके दिवशी त्याने रस्त्यावरची चायनीज भेळ खाल्ली आणि त्याच्या पोटाची पार वाट लागली. तीन दिवस घरी होता. इस्टेटमध्ये बातमी काय पसरली? जिवाणूवाल्यांचा माणूस जिवाणूने पडला. भेळेचं नाव कोणी घेतलं नाही.

पेडणेकर काकांना तेवढंच निमित्त पुरलं. आमच्या गाळ्याचा करार संपत आला होता आणि नव्या करारासाठी इस्टेट कमिटीची ना हरकत लागायची. काकांनी सांगितलं की या वेळी मिळणार नाही. कामत सर म्हणाले, मग संपलं. जिवाणूवाल्याला दुसरीकडे कोण जागा देणार? धंदा बंद करून ते गोव्याला भावाकडे जायच्या गोष्टी करायला लागले. आम्हा सहा जणांच्या नोकऱ्या गेल्यात जमा होत्या. आणि मावशीचं काय? तिला मी कुठे नेणार होते, सासूबाईंच्या फ्रिजमध्ये?

त्याच सुमारास एका रविवारी, आम्हाला न विचारता, कमिटीने आमच्या मजल्यावर जंतुनाशक औषध फवारून घेतलं. इतकं, की दाराखालून आत तळं साचलं. आत मालाच्या बादल्या उघड्या होत्या. अख्खी बॅच मेली. जाब विचारायला गेले तर काका म्हणाले, तुमच्याच तब्येतीसाठी केलं. मावशी वाचली ती केवळ फ्रिजमध्ये होती म्हणून.

* * *

आता कुंड्यांचं सांगते.

कमिटीच्या मीटिंगमध्ये कामत सर आयुष्यात पहिल्यांदा उठून बोलले. म्हणाले, आम्हाला घालवायचं तर घालवा, पण आमचे जिवाणू काय करतात ते आधी बघा. गेटजवळ दोन कुंड्या ठेवू. दोन्हीत सारखीच माती, आधीचे जिवाणू मरावेत म्हणून भाजलेली, आणि सारखंच चवळीचं बी. एकाला जिवाणू लावू, दुसऱ्याला नाही. फरक दिसला नाही तर आम्ही आपणहून जातो.

कमिटीने मान्य केलं. काकांनी एकच अट घातली. आमच्या गाळ्यातल्या कोणीही कुंड्यांना हात लावायचा नाही, पाणी ते स्वतः घालणार. आम्ही लबाडी करू अशी शंका! मी पेटलेच होते, सरांनी डोळ्यांनी गप्प केलं.

तर रोज सकाळी काका कुंड्यांना पाणी घालायचे, मग गेटवरच्या गणपतीला अगरबत्ती लावायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर प्रसादाची खडीसाखर ठेवायचे. अख्खी इस्टेट ती खडीसाखर खाऊन कामाला लागायची.

थोड्या दिवसांनी साध्या कुंडीतली चवळी पिवळी पडायला लागली. आमची हिरवीगार. मी मुद्दाम चहा घेऊन गेटवर जायचे आणि ते पिवळं रोप डोळे भरून बघायचे. मग काय झालं कोण जाणे, ते पिवळं रोप हळूहळू सावरायला लागलं. नवी पानं हिरवी आली. पुढच्या मीटिंगच्या दिवसापर्यंत दोन्ही कुंड्या सारख्याच झकास दिसत होत्या. कामत सरांनी खोके मागवले सामान भरायला, तेही काकांकडूनच.

मीटिंगमध्ये काकांनी दोन्ही कुंड्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, बघा सगळ्यांनी, काडीचा फरक नाही. गाळा खाली करा.

माझा तोल गेला. मी उभी राहून विचारलं, कोणी युरिया घातला त्या कुंडीत?

काका माझ्यापेक्षा जास्त भडकले. आपण राखलेल्या कुंडीला हात लावायची कोणाची टाप आहे, म्हणाले. पण एवढं बोलून जरा अडखळले. रागावले की काकांची मुंबईची भाषा सुटते, मालवणी येते. "खत बित काय घालूक नाय गो मी. तां बिचारां पिवळां पडलां, माका बघवलां नाय. बाजूच्या कुंडीतली रोज जराशी माती टाकलंय, इतक्यांच."

मी त्या कुंडीतलं रोप उपटलं, माती झटकली आणि मुळं टेबलावर ठेवली. मुळांना गाठी लोंबत होत्या. एक नखाने फोडली, आतून गुलाबी. म्हटलं, ही मावशी आहे. आमच्या कुंडीतून ह्या कुंडीत ती आपल्या पायांनी चालत आलेली नाही.

तळमजल्यावर कंगवे बनवणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, कधी तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "पेडणेकर, सही करून टाका."

कामत सरांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी काकांवर खेकसत होते म्हणून कोणाला कळलं नाही. काकांनी मुकाट्याने ना हरकतीवर सही केली. कागद हातात आला तशी मी विचारलं, "काका, रोज माती टाकत होता, ती कशाने?"

"हातान. आणि कशान?"

काकांनी पेन खाली ठेवलं. आपल्या तळव्याकडे बघितलं. मग खुर्ची सरकवून बाहेरच्या बेसिनकडे गेले आणि खसाखसा हात धुवायला लागले. इकडे टेबलाभोवती सगळ्यांना बहुतेक एकदमच खडीसाखर आठवली असावी. एकेक जण उठला आणि काकांच्या मागे चूळ भरायला उभा राहिला.

त्या रांगेत तिसरे आमचे कामत सर होते.