बोंडारपाड्याची हजेरी

पालघरच्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. हा विषय आवडीनं घेणारी मुलं थोडी. बाकीची दुसरीकडं प्रवेश मिळाला नाही म्हणून यायची. उत्कर्षा लोंढे आवडीनं आली होती. वडील शिवाजीराव मूळचे करमाळ्याकडचे, बोईसरला रसायनांच्या एका कारखान्यात ऑपरेटर. पहिल्याच वर्षी मी फळ्यावर मतदानाच्या टक्केवारीचा तक्ता लिहीत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "सर, जे आले नाहीत ते कुठं होते?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं: उदासीनता, निरक्षरता, अंतर. तिनं ते वहीत उतरवलं, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पुढं ती मुंबईला गेली, पीएच.डी. केली आणि तिशीच्या आत एका संशोधन संस्थेत दोन वर्षांसाठी लागली. विषय मतदानाचाच होता. सरकारी योजना लोकांपर्यंत पोचली की मतदान वाढतं का, हे तिला तपासायचं होतं. रस्ता झाला, नळाला पाणी आलं, रेशन वेळेवर मिळालं, तर माणसाला आपल्या मताची किंमत वाटते आणि तो केंद्रापर्यंत येतो, असा तिचा कयास होता. अभ्यासासाठी तिनं आपलाच जिल्हा निवडला आणि बोईसरला आईवडिलांकडं राहायला आली.

२०२४ची लोकसभा नुकतीच झाली होती. कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात खेटे घालून तिनं एकेका केंद्राचे आकडे मिळवले. बोईसरच्या कामगार वस्तीतल्या केंद्रांवर शंभरातले चाळीसही आले नव्हते. तिथं रस्ता होता, पाणी होतं, दवाखाना होता. आणि मनोरच्या आत डोंगराच्या अंगाला बोंडारपाडा नावाची वस्ती होती, तिथं सहाशे बारांपैकी पाचशे चोपन्न मतदार आले होते. पुरुषांपेक्षा बायका जास्त.

ती कागद घेऊन माझ्याकडं आली. मतदान मे महिन्यात झालं होतं. त्या वेळी या पाड्यांतली निम्म्याहून जास्त घरं कुलूपबंद असतात. दिवाळी झाली की माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

"सर, हे खोटं असणार," ती म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. मी नऊ निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून बसलोय. कुणीतरी गाड्या भरून माणसं आणली असतील, असं मी म्हणालो. तिच्या संस्थेतल्या वरिष्ठांनी सुचवलं की एवढं एक केंद्र हिशेबातून वगळ, बाकीचा आलेख छान जमतोय. तिनं वगळलं नाही. पाऊस ओसरल्यावर, भात पोटरीत असताना, ती बोंडारपाड्याला गेली.

जाताना तिच्याजवळ बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती. पहिल्या दोन दिवसांतच ती प्रश्नावली निरुपयोगी झाली. रस्ता अर्ध्यावर थांबलेला. नळ बसले होते, पण पाणी विहिरीवरूनच आणायचं. तिच्या कयासाप्रमाणे इथं मतदान सगळ्यांत कमी व्हायला हवं होतं. गाड्या कुणी आणल्या, असं तिनं घरोघर आडून विचारलं. लोकांना प्रश्नच कळेना. कुणी आणल्या नाहीत, आमीच आलो, एवढंच उत्तर. जास्त काही विचारलं की प्रत्येक जण एकाच घराकडं बोट दाखवायचा. ते घर सोमीचं.

सोमी साठीच्या आसपासची, काटक बाई. दीड एकर उतारावर भात आणि नागली करायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. उत्कर्षा गेली तेव्हा ती बांधावरचं गवत कापत होती. प्रश्न ऐकता ऐकता तिनं मधेच विचारलं, "तुज्या घरची करतात का मतदान, बाय?"

उत्कर्षानं प्रश्नावली मिटली. सत्तावीस वर्षं बोईसरला राहून तिच्या वडिलांनी एकदाही मत दिलं नव्हतं. त्यांचं नाव अजून गावाकडच्या यादीत होतं आणि तेवढ्या मतदानासाठी गावी कोण जातो? हे तिनं सोमीला खरं खरं सांगितलं. मग सोमीनं विळा खाली ठेवला आणि तीही खरं बोलू लागली.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमीची आई पाड्यावर वारली तेव्हा सगळी कर्ती माणसं सात भट्ट्यांवर पांगली होती. कोण कुठं आहे, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. खांदा द्यायला चार पुरुष मिळाले नाहीत. सोमीनं आणि आणखी तिघींनी आईला उचलून नेलं. सोमीच्या सख्ख्या भावाला ती बातमी कळली एकोणीस दिवसांनी. त्या वेळी तिच्या मनानं घेतलं की घर सोडून राहायच्या या सात महिन्यांत एकदा तरी सगळा पाडा एका जागी आला पाहिजे. कोण जिवंत आहे, कोण आजारी आहे, एवढं तरी एकमेकांना दिसायला हवं. पण भट्टी एकदा पेटली की थांबत नाही आणि मुकादम कुणाला सोडत नाही. सणालासुद्धा नाही.

त्याच वर्षी निवडणूक लागली. शाळेच्या भिंतीवर एक सरकारी पत्रक चिकटवलेलं होतं. सोमीला वाचता येत नाही. पाड्यावरची अंगणवाडीताई दीपिका हिनं ते वाचून दाखवलं. बाकीचं सोमीनं सोडून दिलं. एक ओळ मात्र तिनं तीनदा वाचायला लावली. मतदानाच्या दिवशी प्रत्येक कामगाराला सुट्टी द्यावी लागेल आणि त्या दिवसाची मजुरी कापता येणार नाही, अशी ती ओळ होती.

"एक दिस," सोमी उत्कर्षाला म्हणाली. "सात महिन्यांत एकच दिस असा, का मुकादमाला नाय बोलता येत नाय. कायदाच तसा हाय. तो दिस मी धरला."

उत्कर्षानं मला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीच्या टोकाशी बसली होती. भरपगारी सुट्टीची ती तरतूद तिला पाठ होती. प्रबंधात तिनं ती तळटीपेत घातली होती, कारण असंघटित कामगारांना तिचा उपयोग होत नाही असं सगळेच लिहीत आलेत.

नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान होतं. दिवाळी होऊन गेली होती आणि बोंडारपाडा रिकामा झाला होता. मतदानाच्या दोन दिवस आधी उत्कर्षा सोमीबरोबर भिवंडीकडच्या एका भट्टीवर गेली. सोमीच्या पिशवीत पत्रकाची प्रत होती, दर निवडणुकीला दीपिका नवी आणून देई. भट्टीवरचा मुनीम वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोक्यावर काम होतं. भट्टी भरायला काढलीये, एक दिवस माणसं गेली तर कच्चा माल तसाच पडून राहील, अर्धी तरी ठेवून जा, असं तो सांगत होता.

सोमीनं आवाज चढवला नाही. तिनं ते पत्रक त्याच्या टेबलावर ठेवलं आणि सरळ केलं.

"आमी काय मागाया नाय आलो, शेठ. सांगाया आलोय. याच्यावर फोन नंबर हाय. तुमीच इचारा त्यांना, अर्धी ठेवली तर चालंल का."

मुनीमानं पत्रक उचललं, वाचलं, पुन्हा ठेवलं. मग त्यानं विचारलं, परवा रात्रीपर्यंत सगळे परत येतील ना? सोमी म्हणाली, येतील. "पंधरा वर्षांत एकही जण परत यायचा राहिलेला नाय, म्हणून तर तुमी ऐकता." उत्कर्षाला त्या वेळी कळलं की कायदा कागदावर होता तसा इथंही होता. त्याला जीव आला होता तो या बाईच्या शब्दावर.

मतदानाच्या सकाळी ती सात वाजल्यापासून शाळेसमोर उभी होती. आधी पाड्यावरच राहिलेली म्हातारी माणसं आली. साडेआठला मनोरच्या बाजूनं पहिला घोळका दिसला. महामार्गावर उतरून चालत आलेले, अंगावर विटांची लाल धूळ तशीच. मग दुसरा घोळका, तिसरा. एका भट्टीवरच्यांनी आपसात वर्गणी काढून जीप केली होती. बाया कडेवर लेकरं घेऊन, डोक्यावर गाठोडी घेऊन चढण चढत होत्या. रांगेतली माणसं एकमेकांना ओळख पटेपर्यंत निरखून बघत होती, खांद्याला हात लावत होती. दुपारपर्यंत तिनं पाचशेच्या वर माणसं मोजली आणि मग मोजायचं थांबवलं. सहा वर्षं तिनं ज्याला टक्केवारी म्हटलं होतं, ते चालत तिच्यासमोरून जात होतं.

तीनच्या सुमारास सोमीच्या खळ्यावर सगळे जमले. कुणाला मत दिलं याचा एक शब्द नाही. सोमी मधे उभी राहिली आणि एकेका घराची नावं घेऊ लागली. सगळी तोंडपाठ. नाव घेतलं की तो माणूस शाई लावलेलं बोट वर करायचा आणि म्हणायचा, "हाय." सहाशे बारा नावं. तासाहून जास्त वेळ ते चाललं. जो नसेल त्याच्याबद्दल त्याच्या भट्टीवरचं कुणीतरी उठून सांगायचं: बाळंतीण आहे, नवऱ्याबरोबर गुजरातेत गेलीये, पाय मोडलाय.

"बुधी," सोमी म्हणाली.

कुणी बोललं नाही. सोमीनं पुन्हा नाव घेतलं. तेव्हा मागून एक बाई म्हणाली की बुधीला आठ दिवस ताप आहे, डोळे पिवळे झालेत, तिला उठता आलं नाही. मुकादम म्हणतो साधा ताप आहे. बुधीचा नवरा आदल्या वर्षीच वारला होता, त्यामुळं तिच्यासाठी बोलायला घरचं कुणी नव्हतं. हजेरी थांबली. चर्चा फारशी झाली नाही. दोन बायका उठल्या, जीपवाला उठला, आणि ते तिथूनच निघाले. मग सोमीनं पुढचं नाव घेतलं.

संध्याकाळी बुधीला मनोरच्या सरकारी दवाखान्यात आणलं आणि तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात हलवलं. कावीळ अंगात भिनली होती. आणखी चार दिवस गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभरानं ती पाड्यावर परतली.

उत्कर्षा मतदानाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आली. म्हणाली, "सर, आपण गैरहजर म्हणजे नुसता आकडा लिहितो. त्या बाईला प्रत्येक गैरहजर माणूस कुठं आहे ते माहीत आहे." मी नऊ निवडणुकांत केंद्र बंद करताना गैरहजरांचा आकडा लिहून सही केलेली. एकदाही मी त्या आकड्याकडं दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षाला तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. ते डोंगरातल्या एका निरक्षर बाईला येत होतं, हे मी माझ्याच घरात, माझ्याच विद्यार्थिनीसमोर मान्य केलं. मला त्याची लाज वाटली नाही. डोंगरासमोर उभं राहिल्यावर आपण लहान आहोत याची लाज कुठं वाटते?

तिनं अभ्यासाची दिशाच बदलली. सुट्टीचा हक्क लोकांना माहीत आहे का, तो मागायला कोण बरोबर उभं राहतं, हे ती बोईसरच्या कारखान्यांच्या दारांत विचारत फिरली. दहातल्या सात कंत्राटी कामगारांनी या सुट्टीचं नावही ऐकलं नव्हतं. घरी तिनं वडिलांना विचारलं, तेव्हा शिवाजीराव म्हणाले, "अगं, आपण इथले कुठं? आपण कामाला आलोय." सत्तावीस वर्षांनंतरचं हे उत्तर. तिनं त्यांना बोंडारपाड्याची हजेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्यांनी जेवण थांबवून ऐकली. पुढच्या रविवारी त्यांनी यादीतलं नाव बोईसरला हलवायचा अर्ज भरला आणि शेजारच्या चौघांनाही अर्ज आणून दिले.

संस्थेतल्या लोकांनी तिला बरेच प्रश्न केले. एका बाईच्या खटपटीवरून धोरण कसं ठरवणार, असा मुख्य आक्षेप होता. ती म्हणाली, ठरवू नका, पण आलेखातून तिला काढू नका. अखेर लेख छापून आला. चोवीस पानं. तो घेऊन ती बोंडारपाड्याला गेली.

सोमीनं पानं उलटून पाहिली, वजन बघावं तशी हातात तोलली. यात बुधीचं नाव आहे का, असं तिनं विचारलं. उत्कर्षानं समजावलं की संशोधनात माणसांची खरी नावं देत नाहीत, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. पाड्याचं नावही बदललंय.

"मंग लोकांना कसं कळंल, कोण होती नि कोण नव्हती?" सोमी म्हणाली.

उत्कर्षा त्या दिवशी दुपारभर तिथंच थांबली आणि सोमीनं सांगितलेली सहाशे बारा नावं, घरवार, भट्टीवार, एका जाड वहीत उतरवत बसली. ती वही संस्थेत दिलेली नाही. ती दीपिकाकडं आहे, अंगणवाडीच्या कपाटात, आणि दर दिवाळीनंतर तिच्यात कोण कुठल्या भट्टीवर गेलं ते लिहिलं जातं.