सडक्या संत्र्याचा मान

वाडीच्या गोदामात संत्री निवडणाऱ्या बायांचा एक खेळ होता, आणि सिंधूताईला त्याची शिसारी होती. हात फळांवर चालायचे आणि तोंडं पाचकळ कोट्यांवर. जिची कोटी सगळ्यांत भिकार, तिच्या ओटीत टोपल्यातलं सगळ्यांत सडकं संत्रं घालायचं. बुरशी चढलेलं, बोट लावताच पचकन फुटणारं. या मानासाठी बाया अडून बसायच्या, आणि तो बहुधा गोपिकेलाच मिळायचा.

गोपिका सिंधूताईची शेजारीण. दोघी सोबत यायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या.

एका दुपारी डबे उघडले होते. हाताले फोड आला, म्हणून रुखमाबाई कुरकुरत होती.

"संत्र्याची असंल तं खाऊन टाक वं," गोपिका म्हणाली.

बाया कण्हत कण्हत हसल्या. सिंधूताईच्या तोंडात घास फिरला.

"तोंड हाये का सडक्याचं टोपलं? तुह्याजवळ बसून माणसानं जेवू नाही."

गोपिकेने डबा झाकला. दुसऱ्या दिवसापासून ती पलीकडच्या ढिगाशी बसू लागली, येणंजाणंही वेगळं. तिच्यावाचून खेळही मेला. सिंधूताईला वाटलं होतं, आता निवांत वाटेल. पण आता तो आंबूस, कुजका वास तिच्या घशात येऊन बसायचा. इतकी वर्षं तो इथेच होता; तिचं लक्ष कधी गेलं नव्हतं. भाकर पाण्यासोबत ढकलावी लागे. आणि माफी मागायची तर तिची जीभच वळत नव्हती.

शेवटी एका दुपारी ती आपलं बारदान उचलून गोपिकेसमोर जाऊन बसली. हात थांबले. सगळ्या बघत राहिल्या.

"पाय वं गोपिके, आपल्याले इथं इतके सालं होऊन गेले, अन् या संत्र्याले अजून एकच साल हाये."

कोणी हसलं नाही. स्वतःच्याच तोंडाची किळस येऊन सिंधूताईने मान खाली घातली.

गोपिकेने वर पाहिलं नाही. टोपल्यात हात घालून ती सावकाश फळं चाचपत राहिली. मग हिरव्या बुरशीने माखलेलं, ठिबकणारं एक संत्रं तिने काढलं आणि सिंधूताईच्या ओटीत घातलं.

"लयच भिकार होती," ती म्हणाली.

घाण रस लुगड्यातून मांडीपर्यंत उतरला. पण सुट्टी होईपर्यंत सिंधूताईने ते संत्रं ओटीतून काढलं नाही.