तव्याचा आयता

आमच्या मोठ्या जाऊबाईंइतकी एका तव्यावर माया करणारी बाई चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडायची नाही; आणि त्यांच्यावर माझ्याइतकी जळणारी बाईसुद्धा सापडायची नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा सूर आंबट लागला तर तुम्ही समजून घ्याल. मी ब्रह्मपुरीच्या एका शाळेत मराठी शिकवते. जाऊबाई वैनगंगेच्या पलीकडे, आरमोरीच्या रस्त्यावरच्या आमच्या सासरच्या गावात धानाची शेती पाहतात. शाळा दुसरीत सुटलेली. माझ्याकडे बी.एड.ची पदवी आहे, लग्नात आलेला सहा भांड्यांचा नॉनस्टिक संच आहे, त्याला ओरखडा जाऊ नये म्हणून घेतलेली लाकडी उलथनी आहेत. आणि एवढं सगळं असून माझी पोटची लेक दर शनिवारी विचारते, "आई, मोठ्या आईकडे कधी जायचं? आयते खायचेत."

आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी. झाडीपट्टीत पाहुणा आला की आयते आणि झणझणीत रस्सा ठरलेला. जाऊबाईंच्या आयत्याला जाळी पडते, कडा सोनेरी होतात, आणि उलथनं नुसतं दाखवलं की तो तव्यावरून उठून येतो. माझ्या नॉनस्टिकवरूनही उठतो हो, नाही असं नाही. पण पांढराफटक आणि मऊ, आजाऱ्याच्या ताटात वाढावा तसा. लेक तो खाते, "छान आहे," म्हणते आणि पाणी पिते. त्या "छान आहे"चा मला किती राग येतो ते कसं सांगू!

तो तवा सासूबाईंच्या हातचा. जाड, जड, मध्ये किंचित खोलगट, आणि काळा म्हणजे असा काळा की त्यात चुलीचा जाळ दिसावा. चुलीमागच्या भिंतीला त्याची स्वतःची खुंटी आहे. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, एका पावसाळ्यात चुकून तिथं छत्री अडकवली. "छत्रीले सारं घर पडलं हाय, त्याले एकच जागा हाय," एवढंच जाऊबाई बोलल्या. ती छत्री पुढे चार दिवस गोठ्यात म्हशीजवळ होती आणि भासरे पावसात भिजत फिरत होते, पण विचारायची हिंमत काही झाली नाही. जाऊबाई तव्याशी बोलतात. "तापला का रे?" म्हणून विचारतात, वर पाण्याचे दोन थेंब शिंपडतात, मान तिरकी करून ऐकतात आणि "आता होये म्हणते," असं आम्हाला सांगतात. साबण त्याला कधीच लागला नाही. "साबन लावला का रुसते तो." गरम पाण्याची धार, तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, एक बोळा, परत चुलीवर ठेवून खडखडीत वाळवायचा, आणि मग जवसाच्या तेलाची चिंधी फिरवायची, तीही इतकी हलकी की तेल लावलं की पुसलं ते कळू नये. आणि पहिला आयता कोणालाच मिळत नाही. तो तव्याचा. फाटका, वेडावाकडा निघतो तो, आणि चुलीजवळ उभ्या उभ्या जाऊबाईच खातात. शेजारच्या नव्या जावयानं एकदा भुकेनं ताट पुढे केलं, तर "थांबा जवाईबापू, पह्यला त्याचा," म्हणून त्यांनी ते मागे सारलं होतं.

आमच्याकडे राहायला येतात तेव्हा तवा सोबत येतो. माझ्या भांड्यांवर त्यांचा विश्वास नाही. एकदा जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या होत्या. शेजारणीनं जरा सरकून जागा दिली आणि मायेनं विचारलं, "किती महिन्याचं हाय?" जाऊबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षाचा." शेजारण आणखी जरा सरकली.

गावात कोणाची सून नवा लोखंडी तवा घेऊन आली की तो आधी जाऊबाईंकडे शिकायला येतो. हो, शिकायलाच. त्यांच्या पडवीत असे चार-पाच तवे नेहमी ओळीनं टेकून असतात, प्रत्येकाच्या कानाला निराळ्या रंगाची चिंधी. कांदा चोळ, तेल लाव, तापव, पुन्हा तेल लाव, असा पंधरा-पंधरा दिवस अभ्यास चालतो. एखादी सून लवकर न्यायला आली तर "अजून कच्चा हाय, आठ दिवसानं ये," म्हणून परत पाठवतात. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन पोरं तरी मागे राहतात. यांच्या हाताखालचा एकही तवा मागे राहिलेला नाही. साऱ्या गावाच्या सुनांचे तवे शिकवले, पण सख्ख्या जावेला कधी म्हटलं नाही, की आण वं तुहा एखादा. मी कशी मागू? मास्तरीण पडले ना! शेवटी ब्रह्मपुरीच्या बाजारातून गुपचूप एक लोखंडी तवा आणला. पहिल्याच दिवशी आयता असा चिकटला की खरवडून काढावा लागला. लेक ताटात पाहून म्हणाली, "आई, हे आयते नाहीत, हे पोपडे आहेत." तवा मी कोळशाच्या पोत्यामागे टाकून दिला.

मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी जे केलं, ते आज पहिल्यांदा लिहिते आहे. धान कापणीला आलं होतं. सकाळीच सगळे शेतात गेले, लेकही मागे लागून गेली. घरात मी एकटी आणि खुंटीवर तो. मी त्याला खाली काढला, हातपंपाखाली नेला, आणि साबणाची पावडर अन् तारेची घासणी घेऊन तासभर घासला. मनात मदत-बिदत काही नव्हतं. माझ्या लेकीनं एकदा, फक्त एकदा, मोठ्या आईचा आयता फाटलेला पाहावा, एवढीच माझी इच्छा होती. काळ्याचा राखाडी झाला. बोटांतून रक्त आलं तेव्हा थांबले. आणि पंपाच्या ओट्यावर ठेवलेल्या त्या ओल्या तव्यावर बघता बघता पिवळा गंज चढायला लागला, तेव्हा मी तो पदरानं पुसत बसले.

जाऊबाई विळा हातात घेऊनच आल्या. तव्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"फार काळा झाला होता, बाई," मी म्हणाले. "म्हटलं, तेवढीच तुम्हाला मदत."

त्यांनी विळा खाली ठेवला. "लयच घासला वं माय," म्हणाल्या. "हात दाखव." आणि जवसाच्या तेलाची वाटी घेऊन आधी माझ्या बोटांना तेल लावलं, मग तव्याला.

दुसऱ्या दिवशी त्यांचे सगळे आयते फाटले. पहिला, दुसरा, दहावा, सगळे. मी लेकीच्या शेजारी बसून तिच्या तोंडाकडे पाहत होते. पोरीनं फाटके तुकडे रश्श्यात बुडवून सात आयत्यांचा फन्ना उडवला आणि बोटं चाटत म्हणाली, "मोठी आई, आज तर लयच मस्त झाले!" मला रडू आलं. रस्सा तिखट आहे म्हणून सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरानं जाऊबाई ब्रह्मपुरीला आल्या, मांडीवर तेच लुगड्याचं गाठोडं. तवा माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "हा आता तुह्यापाशी राहू दे. माह्या मनगटाले पेलत नाई. मले तुहं ते हलकं काळं भांडं दे एखादं."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "बाई, मी तो मुद्दाम घासला होता."

"मालूम हाय."

"मग बोलल्या का नाहीत?"

जाऊबाई पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "मांगच्या उन्हाळ्यात पोरीचं गोष्टीचं पुस्तक हरपलं होतं, याद हाय का?"

आठवत होतं. पुस्तक दोन दिवसांनी तांदळाच्या कोठीत सापडलं होतं आणि वेंधळेपणाबद्दल मी लेकीला चांगलं झापलं होतं.

"मीच ठेवलं होतं तिथी. पोरगी म्हणे, मोठी आई, वाचून दाखव. मले कुठी येते? म्हटलं, डोळे दुखून राह्यले. तं म्हणे, माही आई लय भारी वाचते, तिच्यासारखं कोणालेच येत नाई." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "राग आला मले. तुहा. मंग मी काऊन बोलू तुले?"

आम्ही दोघी हसलो. चहा उकळून ओट्यावर गेला तरी हसत होतो. मग मी लेकीला हाक मारली आणि तिला झापल्याबद्दल तिची माफी मागितली. पुस्तक कोठीत कसं गेलं ते मात्र सांगितलं नाही.

तेव्हापासून तवा माझ्या ओट्यामागच्या खिळ्यावर आहे. रोज तणस नाही मिळत, नारळाच्या शेंडीनं भागवते, पण जवसाचं तेल गावाहून येतं. पहिला आयता फाटतो, तो मी उभ्या उभ्या खाते. जाऊबाई तिकडे माझ्या नॉनस्टिकवर आयते करतात आणि लेकीचं म्हणणं, त्यालाही जाळी पडते. पडणारच. मी अजून जळतेच.

या रविवारी मात्र पहिलाच आयता जाळी धरून, कडा सोडून, अख्खाच्या अख्खा उठला. उलथनं हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. कोणाला सांगू? जाऊबाईंना फोन लावला.

"पह्यलाच उठला?" त्यांनी विचारलं. "मंग आता मले इसरला तो," म्हणाल्या.

मी गॅस बंद केला. तो पहिला आयता खाल्ला नाही, लेकीलाही दिला नाही. डब्यात घातला आणि आरमोरीची बस पकडली. गाडी वैनगंगेच्या पुलावर आली तेव्हा शेजारच्या बाईनं डबा वर ठेवा म्हणून सुचवलं. राहू द्या, म्हटलं, आणि तो मांडीवरच धरून बसले.